गॅसचे फुगे: कोणता गॅस भरावा आणि तो कसा पारखावा

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर फुगेवाल्यापाशी उभे राहून ‘यात कुठला गॅस आहे?’ असे कुणी विचारलेले मी आजवर ऐकलेले नाही. दोऱ्याला ओढ देत वर जाणारा तो ‘गॅसचा फुगा’ आणि काडीला बांधलेला तो ‘साधा फुगा’, एवढाच भेद आपण लहानपणापासून करत आलो आहोत. ‘गॅसचा फुगा’ या शब्दाने एक मोठी गोष्ट झाकली जाते. हेलियम आणि हायड्रोजन हे हवेत वर चढणारे दोन वायू आपल्याकडे फुग्यात भरले जातात. त्यांतील हेलियम जळूच शकत नाही आणि हायड्रोजन एका ठिणगीने भडकतो, पण बाहेरून दोन्ही फुगे अगदी सारखे दिसतात. बारसे, वाढदिवस, दुकानाचे उद्घाटन किंवा शाळेचे स्नेहसंमेलन यांसाठी फुगे सांगताना काय विचारावे, टाकीवर काय पाहावे आणि फुगे भरताना कशी काळजी घ्यावी, हे क्रमाने पुढे मांडले आहे.

पहिली पायरी: फुगा खरोखर तरंगायला हवा आहे का, हे ठरवा

गॅसची निवड करण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारावा, कारण बहुतेक घरगुती कार्यक्रमांत त्याचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे येते. फुग्यांची कमान, पाळण्याभोवतीची सजावट, भिंतीवरचे नाव, खांबांना गुंडाळलेले झुबके या सगळ्यांत फुगे दोऱ्याने, पट्टीने किंवा चिकटपट्टीने धरून ठेवलेले असतात आणि त्यांत साधी हवा पुरते. हातपंपाने शंभर फुगे भरायला दोघांना तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. विजेवर चालणारा फुगे भरण्याचा पंप आणला, तर तेच काम पंधरा-वीस मिनिटांत उरकते. हवेचे फुगे दोन-तीन दिवस बऱ्यापैकी टिकतात, भडकत नाहीत आणि त्यांना टाकी लागत नाही. छताला फुगे लागलेले दिसावेत एवढीच हौस असेल, तर हवेचे फुगे दोऱ्याने छताला उलटे टांगून खाली रिबिनी सोडाव्यात. फोटोत फरक कळत नाही.

तरंगणारे फुगेच हवे असतील, तर ते किती हवे आहेत हे आधी मोजावे. दोनशे फुग्यांच्या सजावटीत मुलांच्या हातात द्यायचे पंचवीस-तीस फुगे तरंगणारे असले, तरी कार्यक्रमाची हौस पुरती भागते.

दुसरी पायरी: कोणते वायू बाद करायचे, ते समजून घ्या

फुगा वर जाण्यासाठी आतला वायू बाहेरच्या हवेपेक्षा बराच हलका असावा लागतो. शून्य अंश तापमानाला आणि समुद्रसपाटीच्या दाबाला एक लिटर हवेचे वजन सुमारे १.२९ ग्रॅम, हेलियमचे ०.१८ ग्रॅम आणि हायड्रोजनचे ०.०९ ग्रॅम भरते. नायट्रोजन हवेपेक्षा जेमतेम तीन टक्के हलका असल्याने त्याने फुगा उचलला जात नाही. कार्बन डायऑक्साइड तर हवेच्या दीडपट जड असतो, त्यामुळे त्याचा फुगा जमिनीवरच लोळतो. कार्बाइडच्या खड्यांवर पाणी टाकून निघणारा ॲसिटिलिन वायू हवेपेक्षा थोडाच हलका, पण अतिशय ज्वालाग्राही असतो. कुणी ‘कार्बाइडचा गॅस’ असे म्हणाले, तर पुढची चौकशी करण्याचीही गरज नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने त्याचा फुगा तरंगत नाहीच, शिवाय तो घरात साठून राहतो. त्यामुळे असा प्रयोग कुणीही करू नये. मग उरतात दोनच, हायड्रोजन आणि हेलियम.

वरच्या आकड्यांत एक फसवी गोष्ट दडलेली आहे. हायड्रोजन हेलियमच्या निम्म्या वजनाचा असला, तरी फुगा उचलण्याची त्याची ताकद काही दुप्पट नसते. उचल ठरते ती हवेच्या वजनातून आतल्या वायूचे वजन वजा करून. म्हणजे एका लिटरमागे हायड्रोजन १.२० ग्रॅम आणि हेलियम १.११ ग्रॅम उचलतो. हा फरक आठ टक्क्यांच्या आसपास आहे, तेव्हा ‘हेलियमचा फुगा नीट उडत नाही, आमचा गॅस बघा कसा खेचतो’ या विक्रेत्याच्या बोलण्यात काही अर्थ नाही. हायड्रोजन वापरला जातो तो केवळ स्वस्त पडतो म्हणून. हेलियम भारतात जवळजवळ सगळा आयात होतो आणि एमआरआय यंत्रांच्या चुंबकांना थंड ठेवण्यासाठीही तोच लागतो, त्यामुळे तो महाग असणारच. त्याची पहिली ओळख १८६८ साली पटली ती सूर्याच्या वर्णपटातील एका पिवळ्या रेषेवरून. कोकणात विजयदुर्ग किल्ल्यावर दर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो, तो त्याच वर्षीच्या सूर्यग्रहणाच्या आठवणीत.

हायड्रोजनबद्दल थोडे सविस्तर

हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही हायड्रोजन मिसळला असला, तरी ते मिश्रण पेट घेते. इतका रुंद पल्ला फारच थोड्या वायूंना असतो. पेट घेण्यासाठी लागणारी ऊर्जा ०.०२ मिलिज्यूल, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. जानेवारीच्या कोरड्या हवेत टेरिकॉटचा सदरा काढताना जो चटका बसतो, ती ठिणगी याच्या कित्येक पट मोठी असते. फुगा केसांवर घासून भिंतीला चिकटवण्याचा मुलांचा खेळ आठवला, म्हणजे फुग्याच्या रबरावर स्थिर वीज किती सहज साठते हे लक्षात येईल. त्यातून दिवसाउजेडी हायड्रोजनची ज्योत डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही.

एका बारा इंची फुग्यात सुमारे पंधरा लिटर, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आत-बाहेर हायड्रोजन मावतो. एवढ्याशा वायूने काय होणार, असे वाटेल. परंतु पन्नास फुग्यांचा झुबका म्हणजे साठ ग्रॅम हायड्रोजन, आणि त्याच्या जळण्यातून निघणारी उष्णता सुमारे दीडशे ग्रॅम स्वयंपाकाच्या गॅसइतकी भरते. हा गॅस शेगडीवर तासभर सावकाश जळतो. फुग्यांच्या झुबक्यात तेवढी उष्णता एका क्षणात, माणसांच्या तोंडाजवळ बाहेर पडते. एक फुगा पेटला की शेजारचे पाठोपाठ पेटतात आणि वितळलेले रबर कातडीला चिकटते. आर्मेनियाची राजधानी येरेवान येथे ४ मे २०१२ रोजी एका राजकीय सभेत ज्वालाग्राही वायूने भरलेल्या फुग्यांचा असाच भडका उडाला आणि दीडशेच्या आसपास माणसे जखमी झाली. ती सभा मोकळ्या चौकात होती. मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये काय झाले असते, याचा विचार करावा.

फुग्यापेक्षाही मोठा धोका टाकीत असतो. रस्त्यावरचे काही विक्रेते जुन्या टाकीत कॉस्टिक सोड्याचे पाणी आणि ॲल्युमिनियमचे तुकडे घालून जागच्या जागी हायड्रोजन तयार करतात. या क्रियेत उष्णता निघते, उष्णतेने क्रिया आणखी वेग घेते आणि आतला दाब वाढत जातो. टाकी गंजलेली असेल, व्हॉल्व्ह चोंदला असेल किंवा माल प्रमाणाबाहेर पडला असेल, तर कुठलीही ठिणगी न पडता ती फुटते आणि लोखंडाच्या तुकड्यांबरोबर गरम कॉस्टिकही उडते. लातूर शहरात ऑक्टोबर २०२३ मध्ये फुगे भरण्याच्या टाकीचा स्फोट होऊन फुगेवाल्याचा मृत्यू झाला आणि भोवती जमलेली मुले जखमी झाली. फुगेवाला पोटासाठी हे करत असतो आणि सगळ्यात जवळ तोच उभा असतो, म्हणून त्याच्यावर डाफरण्यापेक्षा त्याच्याकडून हवेचे फुगे, पिपाण्या, भिरभिरी घ्यावीत. गॅसचा फुगा मात्र घेऊ नये आणि टाकीपाशी मुलांना उभे करू नये. गड्ड्याच्या दिवसांत शोभेचे दारूकाम, खाद्यपदार्थांच्या शेगड्या आणि विजेच्या उघड्या जोडण्या जवळजवळ असतात, तेव्हा तर हे विशेष पाळावे.

तिसरी पायरी: टाकी पारखा

‘हेलियम’ या शब्दावर विश्वास ठेवून चालत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या पुतणीच्या पहिल्या वाढदिवसाला एका सभागृहात फुगे भरण्याचे काम चालू होते. टाकी तपकिरी रंगाची, म्हणजे हेलियमच्या रंगाची होती. पण तळाशी, जिथे ती फरशीवर घासत होती तिथे, पोपडे उडून आतला लाल रंग दिसत होता. तरी मी गप्प राहिलो असतो. मग रेग्युलेटर बसवणाऱ्या मुलाने पाना लावला आणि नट घट्ट करण्यासाठी तो डावीकडे ओढला. तरुणपणी वेल्डिंगच्या कामात काही वर्षे काढल्यामुळे तो उलटा झटका माझ्या हाताच्या ओळखीचा होता. ज्वालाग्राही वायूच्या टाकीला डावे आटे असतात, ते याचसाठी की तिची जोडणी चुकूनही दुसऱ्या टाकीला बसू नये. नटाच्या कडांवर बारीक खाचाही होत्या, आणि ती डाव्या आट्यांची खूण असते.

‘काका, हेलियमच हाय की. सगळ्या फंक्शनला हेच देतो,’ असे तो मुलगा अगदी सहज म्हणाला. तो खोटे बोलत नसावा. त्याला तसे सांगितले गेले असणार. टाकी परत पाठवली, दोन हातपंप मागवले आणि पाहुणे येईपर्यंत आम्ही फुगे भरत बसलो. भाऊ माझ्यावर आठवडाभर रुसला होता.

तेव्हापासून मी पुढील गोष्टी क्रमाने पाहतो, आणि वाचकांनीही त्या कार्यक्रमाच्या दिवशी न पाहता आदल्या दिवशी पाहाव्यात. प्रथम बिल मागावे. त्यावर ‘गॅस’ असे मोघम न लिहिता ‘हेलियम’ असे स्पष्ट लिहिलेले असावे आणि ज्या गॅस विक्रेत्याकडून टाकी आली त्याचे नाव असावे. सोलापुरात वेल्डिंगचे वायू पुरवणारे विक्रेते आहेत. डेकोरेशनवाल्याने टाकी अशाच विक्रेत्याकडून आणली असेल, तर पावती दाखवायला त्याला अडचण येत नाही. नंतर रंग पाहावा. भारतीय मानकाप्रमाणे हेलियमची टाकी तपकिरी, हायड्रोजनची लाल, ॲसिटिलिनची गडद तांबूस, नायट्रोजनची राखाडी आणि ऑक्सिजनची काळी असून गळ्याशी पांढरी असते. रंग डब्यातून कुणालाही फासता येतो, म्हणून रंग हा पहिला पुरावा असला तरी शेवटचा नव्हे. त्यानंतर गळ्याशी पत्र्यावर ठोकलेली अक्षरे वाचावीत. टाकीचा क्रमांक, वायूचे नाव आणि दाबचाचणीची, म्हणजे हायड्रो टेस्टची, तारीख तिथे कोरलेली असते. अक्षरे घासून काढलेली किंवा रंगाच्या जाड थराखाली बुजलेली असतील, तर टाकी नाकारावी. शेवटी आटे पाहावेत. हेलियमचा नट नेहमीसारखा उजवीकडे फिरवून घट्ट होतो आणि त्याच्या कडांवर खाचा नसतात.

टाकी वेल्डिंगने जोडलेली, ठिगळ लावलेली, तळाशी गंजलेली किंवा वर भांड्याचे झाकण बसवावे तसे झाकण असलेली दिसली, तर तिच्यात वायू तिथेच तयार होतो असे समजावे. देशात दाबाखालील टाक्यांचा कारभार २०१६ च्या गॅस सिलिंडर नियमांखाली चालतो. मान्यता नसलेली टाकी वापरणे किंवा परवान्याशिवाय टाकी भरणे त्या नियमांत बसत नाही. या विषयाची केंद्रीय यंत्रणा, पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, हिचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपुरात आहे.

पारखण्याच्या दोन पद्धती सर्रास सांगितल्या जातात, आणि त्या दोन्ही टाळाव्यात. फुग्याला काडी लावून पाहणे म्हणजे ज्या अपघाताला भ्यायचे, तोच स्वतःच्या हाताने घडवणे. फुग्यातला वायू ओढून आवाज बारीक होतो का ते पाहण्याचाही उपयोग नाही, कारण हायड्रोजननेसुद्धा आवाज तसाच बारीक होतो. शिवाय यात जीव जाऊ शकतो, त्याविषयी पुढे लिहिले आहे.

चौथी पायरी: सोलापूरच्या हवेचा हिशेब करून प्रमाण ठरवा

सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. उंचीमुळे आणि उष्णतेमुळे हवा विरळ होते, म्हणून इथे मे महिन्यात एक लिटर हेलियम १.११ नव्हे, तर ०.९२ ग्रॅमच्या आसपास उचलतो. पूर्ण भरलेल्या बारा इंची फुग्याची उचल त्यामुळे साडेतेरा ग्रॅम होते आणि त्यातून रबराचे सुमारे तीन ग्रॅम वजा करता दहा ग्रॅम उरतात. रिबीन आणि एखादी पातळ चिठ्ठी त्यात बसते. नऊ इंची फुगा रिबिनीसह कसाबसा तरंगतो. पाच इंची फुग्याची उचल त्याच्या स्वतःच्या वजनाइतकीच असल्याने त्यात हेलियम घालणे म्हणजे पैसे हवेत सोडणे आहे.

मोठ्या टाकीची पाण्याची क्षमता सुमारे ४७ लिटर असते आणि १५० बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे दीडशे पट, दाबाला तिच्यात सात घनमीटर वायू मावतो. बारा इंची फुग्याला पंधरा लिटर धरले, तर हिशेबाने साडेचारशेच्या वर फुगे होतात; फुटणारे फुगे आणि गळती धरता चारशे समजावेत. साठ-सत्तर फुग्यांसाठी एवढी टाकी आणू नये. दहा लिटरच्या लहान टाकीत दीड घनमीटर वायू येतो आणि तो नव्वदेक फुग्यांना पुरतो.

रबरी फुग्यातून हेलियम झिरपत असल्याने बारा इंची फुगा साधारण बारा ते चोवीस तासच तरंगतो, आणि उन्हात त्याहून कमी. संध्याकाळच्या कार्यक्रमाचे फुगे दुपारी तीन-चारनंतर भरावेत. चंदेरी फॉइलचे फुगे कित्येक दिवस टिकतात, पण ते रबरासारखे ताणले जात नाहीत. वातानुकूलित खोलीत वीस अंशांना गच्च भरलेला फॉइलचा फुगा बेचाळीस अंशांच्या अंगणात आणला की आतला वायू सात-साडेसात टक्क्यांनी फुगतो आणि शिवण फाटते. म्हणून कडेला चुण्या दिसतील इतकाच तो भरावा.

पाचवी पायरी: भरताना

टाकी उभी ठेवून साखळीने किंवा दोरखंडाने खांबाला बांधावी. आडवी पडून व्हॉल्व्ह तुटला, तर हेलियम न जळताही टाकी तोफगोळ्यासारखी सुटते. आणताना व्हॉल्व्हवर टोपी असावी आणि माणसे बसलेल्या बंद गाडीत टाकी ठेवू नये. रेग्युलेटरशिवाय फुगा थेट व्हॉल्व्हला लावणे सर्वस्वी चूक आहे. व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा, नोझलला फुगा घट्ट धरून दाबावे आणि शक्यतो डोळ्यांवर चष्मा ठेवावा.

भरण्याचे काम अंगणात, गच्चीवर किंवा दारे-खिडक्या सताड उघडलेल्या जागेत करावे. हेलियम विषारी नाही, परंतु तो ऑक्सिजनची जागा घेतो आणि त्याला वास नसल्याने ते कळत नाही. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा असते. मोठी टाकी तिथे पूर्ण गळाली, तर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांच्या आसपास येतो, आणि १९.५ टक्क्यांखालची हवा असुरक्षित मानली जाते. फुग्यातला वायू गमतीने ओढणाऱ्याच्या फुफ्फुसातला ऑक्सिजन झपाट्याने कमी होतो. चक्कर आल्याचे जाणवण्याआधीच माणूस कोसळू शकतो. टाकीच्या नोझलला तोंड लावणाऱ्याचे फुफ्फुस दाबाने फाटू शकते. टाकीजवळ एक मोठे माणूस सतत असावे आणि काम झाल्यावर व्हॉल्व्ह बंद करून चावी त्याच्या खिशात जावी.

कार्यक्रमाच्या वेळी

फुगे हेलियमचेच आहेत याची पूर्ण खात्री असली, तरीही ते औक्षणाच्या निरांजनापासून, केकवरच्या फुलबाजीपासून आणि दिव्यांच्या गरम माळांपासून दूर बांधावेत, कारण हेलियम जळत नसला तरी रबर, रिबीन आणि कागद जळतात. स्नो स्प्रेच्या डब्यात बऱ्याचदा ज्वालाग्राही वायू असतो, म्हणून पेटत्या मेणबत्तीसमोर तो उडवू देऊ नये. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचलावेत. लहान मुलाच्या घशात रबराचा तुकडा अडकणे हा फुग्यांचा एक जुना आणि गंभीर धोका आहे.

एवढे करूनही कुणी भाजले, तर त्या जागी वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद यांपैकी काहीही लावू नये आणि कातडीला चिकटलेले रबर ओढून काढू नये. डोळ्यांत कॉस्टिक उडाले असेल, तर रुग्णालयात नेण्याआधी निदान वीस मिनिटे डोळे पाण्याने धूत राहावे. वायू ओढून कुणी पडले, तर आधी मोकळ्या हवेत आणावे आणि श्वास चालत नसेल तर छाती दाबण्यास सुरुवात करावी. रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमन दलासाठी १०१ आणि कोणत्याही मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.

कार्यक्रम संपल्यावर उरलेले फुगे आकाशात सोडण्याची पद्धत बंद करावी. फॉइलच्या फुग्यावर धातूचा थर असतो आणि तो विजेच्या तारांना टेकला की शॉर्टसर्किट होऊन गल्लीची वीज जाते. रबरी फुगे फुटून शेतात आणि तलावात पडतात आणि जनावरांच्या पोटात जातात; होटगी रस्त्याकडच्या भागात तर विमानतळही जवळ आहे. उरलेले फुगे उघड्या जागेत गाठीजवळ कात्रीने छेद देऊन रिकामे करावेत, रिबिनी वेगळ्या काढाव्यात आणि सगळे कोरड्या कचऱ्यात टाकावे. टाकीत वायू उरला असला, तरी ‘पुढच्या वेळी उपयोगी पडेल’ म्हणून ती जिन्याखाली ठेवून घेऊ नये. व्हॉल्व्ह बंद करून, टोपी बसवून ती त्याच रात्री परत द्यावी.